द वॉकिंग डेड : तुमचं नेमकं कुठे सुटलं?

वाळा (धागाकर्ता)

द वॉकिंग डेड, मेलेली माणसं उठून चालू लागतात ती अमेरिकन झोंबी मालिका, तिचे एकूण १७७ भाग. त्यातले मी ८९ पाहिले आणि नव्वदाव्याला बसलोच नाही. ठरवून सोडलं असं नाही. एक दिवस लक्षात आलं की तीन आठवडे झाले, आपण पाहिलं नाही आणि आपल्याला काही वाटलंही नाही. जी मालिका चार वर्षं डोक्यात घर करून होती तिच्याबद्दल असं व्हावं याचं मला अजून वाईट वाटतं, म्हणून हा धागा काढून राहिलो. खाली कथानक उघड होणार आहे. ज्यांना अजून पाहायची आहे त्यांनी इथेच थांबा.

२०१२ चा मे. परीक्षा संपल्यावर मित्राच्या हार्ड डिस्कवरून पहिले दोन सीझन आणले. नागपुरात त्रिमूर्तीनगरला आमची गच्चीवरची खोली, भाऊ तेव्हा अकरावीत. दिवसा ४६ अंश, त्यामुळे खोलीत बसायचं तर रात्री दहानंतरच. कूलरच्या घरघरीत संवाद ऐकू येत नसत, म्हणून एकाच हेडफोनचं एक टोक त्याच्या कानात, एक माझ्या. वायर आखूड, दोघांनाही हलता येत नसे. पहिल्याच भागात सायकलजवळ पडलेली ती कमरेखाली नुसती हाडं उरलेली बाई गवतातून सरपटत येते, तेव्हा भावाने माझं मनगट घट्ट धरलं होतं.

पण त्या भागाने आम्हाला बांधून ठेवलं ते भीतीने नाही. मालिकेचा नायक रिक ग्राइम्स त्याच बाईकडे परत जातो. तिच्यापासून त्याला काहीच धोका नाही, ती उठूही शकत नाही. तो जवळ बसतो, तुझ्यावर ही वेळ आली याचं वाईट वाटतं असं तिला सांगतो आणि मग गोळी झाडतो. त्याच वेळी तिकडे रिकला आसरा देणारा मॉर्गन खिडकीत बंदूक घेऊन बसला आहे. खाली रस्त्यावर त्याची बायको फिरते आहे, ती आता ती राहिलेली नाही, आणि त्याच्याच्याने चाप ओढवत नाही. तिथे आम्ही दोघं भाऊ एकमेकांकडे न बघता बसलो होतो.

माझं सुटायला सुरुवात झाली ती सहाव्या सीझनच्या तिसऱ्या भागापासून, ऑक्टोबर २०१५. रिकच्या टोळीतला ग्लेन कचऱ्याच्या मोठ्या डब्यावरून प्रेतांच्या गर्दीत पडतो, आतडी बाहेर ओढली जातात, त्याचा चेहरा ओरडतो. पुढच्या भागांच्या नामावलीतून ग्लेनचं काम करणाऱ्या स्टीव्हन यूनचं नावही काढलं. आम्ही खरोखर सुतकात असल्यासारखे होतो. आणि सातव्या भागात कळतं की आतडी दुसऱ्याची होती, ग्लेन सरकून डब्याखाली गेला होता. भाऊ आनंदाने ओरडला. मला आनंद झाला नाही. माझ्या काळजीचा कुणीतरी आमिषासारखा वापर केला असं वाटलं.

त्यानंतर सहाव्या सीझनचा शेवट. खलनायक नीगन काटेरी तारेची बॅट उचलतो, ती कॅमेऱ्यावर पडते, आणि कोण गेलं ते कळायला एप्रिल ते ऑक्टोबर थांबायचं. सातव्याचा पहिला भाग पाहिला, ॲब्राहम गेला, ग्लेन गेला. पुढचे पाच भाग ओढूनताणून पाहिले आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये थांबलो.

तुमचं कुठे सुटलं? की शेवटपर्यंत पाहिलीत?

बर्डी

चांगला धागा. माझंही तिथेच सुटलं होतं, मी नंतर परत येऊन पूर्ण केली. आणि आपण दोघंच नाही. अमेरिकेत पाचव्या सीझनचा पहिला भाग त्या रात्री १ कोटी ७३ लाख लोकांनी पाहिला होता, तो या मालिकेचा कळस. सातव्याचा पहिला भाग १ कोटी ७० लाख. त्याच्या पुढच्याच आठवड्यात हा आकडा सव्वा कोटीच्या आत आला. नोव्हेंबर २०२२ च्या शेवटच्या भागाला उरले साधारण २३ लाख. २०१० साली पहिला भाग ५३ लाखांनी पाहिला होता, म्हणजे शेवटाला सुरुवातीच्या निम्मेही नव्हते.

त्या सातव्या सीझनचा क्रम मी वहीत लिहून काढला होता, कारण मला कळेना की आपण कंटाळून का राहिलो. पहिला भाग नीगनचा. दुसरा किंग्डम या वस्तीचा, वाघ पाळणारा राजा. तिसरा नीगनच्या कैदेतल्या डॅरिलच्या कोठडीचा. चौथा रिकच्या वस्तीचा, अलेक्झांड्रियाचा. पाचवा हिलटॉप या आणखी एका वस्तीचा. सहावा एकट्या टाराचा. ग्लेन गेला, त्याची बायको मॅगी गरोदर आहे, आणि आपण तिला नीट भेटतो ते पाचव्या आठवड्यात. ज्या घरी मयत झाली त्या घरी जायचं सोडून आपल्याला गावभर फिरवून आणलं.

हे असं का होतं, तर सोळा भाग भरायचे असतात. पहिला सीझन ६ भागांचा, दुसरा १३, आणि तिसऱ्यापासून नवव्यापर्यंत प्रत्येकी १६. त्याचे पुन्हा आठ-आठचे दोन तुकडे, मध्ये दोन-अडीच महिन्यांची सुट्टी. म्हणजे एका वर्षात दोनदा दणक्यात सुरुवात पाहिजे आणि दोनदा जीव टांगणीला लावणारा शेवट पाहिजे. मधले भाग मग फक्त तिथवर पोहोचायचे. कथा माणसांच्या गतीने चालायची सोडून वेळापत्रकाच्या गतीने चालू लागली.

गांधीसागर

वाळा दादा, वाचून डोळ्यांसमोर आली ती खोली. एक विचारू का? तुम्ही लिहिलंत की चार वर्षं भावासोबत पाहिली. नोव्हेंबर २०१६ मध्ये भाऊ कुठे होता?

वाळा

पुण्याला. जुलैमध्ये नोकरी लागली आणि गेला.

तुझा रोख कळला, ताई. मीही यावर विचार केला आहे. सातव्याचा पहिला भाग आम्ही फोन चालू ठेवून पाहिला होता, तो तिकडे, मी इकडे. ते संपल्यावर बराच वेळ कुणीच बोललं नाही, मग तो म्हणाला, "दादा, झोपतो आता." पुढे नोटाबंदी झाली, तो एटीएमच्या रांगेतून संध्याकाळी उशिरा घरी यायचा, वेळा जुळेनात. म्हणून एकटा पाहू लागलो. एकट्याने पाहण्यात मजा नव्हती हे खरंच आहे.

पण सगळं त्याच्यावर ढकलता येत नाही. दुसऱ्या कितीतरी गोष्टी मी एकटा पाहतो आणि रडतो. आणि भावानेही पुढे सोडलीच. तो आठव्या सीझनच्या नवव्या भागापर्यंत गेला, रिकचा मुलगा कार्ल मरतो तिथपर्यंत. मला त्याने एवढाच मेसेज केला की पोरगाच गेला तर हे सगळं कोणासाठी चाललं आहे.

बर्डी

भाऊ बरोबर बोलला तुमचा. मूळ कॉमिक्समध्ये कार्ल शेवटपर्यंत जगतो. रॉबर्ट किर्कमनने ते २००३ मध्ये सुरू केलं आणि जुलै २०१९ मध्ये १९३ व्या अंकाला संपवलं. १९२ व्यात रिक मरतो आणि १९३ वा अंक मोठ्या झालेल्या कार्लचा आहे. बापाने उभं केलेलं जग मुलगा कसं राखतो, ही त्या गोष्टीची दिशा होती. मालिकेने ती दिशाच कापून टाकली. ग्लेन मात्र कॉमिक्समध्येही नीगनच्याच हातून मरतो, २०१२ च्या शंभराव्या अंकात. त्यामुळे ग्लेन मेला हा माझा राग नाही. मालिकेने ते मरण दोनदा विकलं, हा राग आहे.

जयताळा

थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नका. तुम्ही सगळे सातव्या-आठव्याला सोडून गेलात आणि तिथेच मत पक्कं केलंत. नवव्या सीझनला अँजेला कँग सूत्रं हाती घ्यायला आल्या आणि मालिका खरंच सावरली. रिक पाचव्या भागात जातो, गोष्ट सहा वर्षं पुढे सरकते, आणि व्हिस्परर्स येतात. मेलेल्यांची कातडी तोंडावर चढवून त्यांच्याच कळपात चालणारी जिवंत माणसं. त्यांचा पहिला वार धुक्यात, स्मशानभूमीत होतो. मुडदा सवयीने मारायला जावं आणि त्याने वार चुकवावा! इतक्या वर्षांनी मला पुन्हा मुडद्यांची भीती वाटली, कारण कोणता मुडदा आहे आणि कोण माणूस हेच कळत नाही. त्याच सीझनच्या पंधराव्या भागात भाल्यांवर लावलेली डोकी एकेक करून दिसतात. दुसऱ्या दिवशी ऑफिसात माझं कामात लक्ष नव्हतं.

मी १७७ च्या १७७ पाहिले. कॅरलसाठी पाहिले. पहिल्या सीझनमध्ये नवऱ्याचा मार खाणारी, मान खाली घालून कपडे धुणारी बाई, तिचं काय होत जातं ते अकरा सीझन बघणं हे मला पुरेसं होतं.

वाळा

जयताळा भाऊ, राग कशाचा. कॅरलबद्दल शंभर टक्के सहमत. चौथ्या सीझनचा चौदावा भाग, लिझी आणि मिका या दोन बहिणींचा, तो माझ्या मते संपूर्ण मालिकेतला सर्वांत मोठा भाग आहे. त्यात मुडदे नावालाच आहेत. एक लहान पोरगी, तिला मुडदे मेलेले वाटतच नाहीत, ती बहिणीला मारते की बघा, ती परत येईल. आणि कॅरलला त्या पोरीला फुलांकडे बघायला सांगून तिच्यामागे उभं राहावं लागतं. तो भाग झाल्यावर आम्ही खाली जाऊन आईजवळ बसलो होतो, उगाच. तिने विचारलं काय झालं, काही नाही म्हणालो.

नववा सीझन पाहीन. पण खरं सांगू, परत सुरू करायची इच्छा व्हायला आतलं काहीतरी शिल्लक लागतं.

नागभीड पॅसेंजर

मी झाडीपट्टीच्या नाटकांत दहा-बारा हंगाम रंगभूषा केली आहे, म्हणून या मालिकेकडे माझं पाहणं थोडं वेगळं. रात्री दहाला पडदा उघडतो तो पहाटे चार-साडेचारपर्यंत. थंडीत तंबूत लोक घोंगड्या घेऊन बसलेले असतात. आमच्याकडे जखम करायची म्हणजे कापूस, डिंक, कुंकवाचा रंग आणि वरून ग्लिसरीन, म्हणजे दिव्यात ती ओली दिसते.

या मालिकेची रंगभूषा सांभाळणाऱ्या ग्रेग निकोटेरो यांचं काम मी अक्षरशः थांबवून थांबवून पाहिलं. कॅमेऱ्याजवळ येणाऱ्या मुडद्यांना पूर्ण रंगभूषा, मधल्यांना कमी, लांबच्या गर्दीला मुखवटे, अशी त्यांची प्रतवारी होती. शिवाय गर्दीत चालणाऱ्यांची आधी शाळा घेत, चालायचं कसं, मान कशी टाकायची. आणि सगळ्यात सुंदर म्हणजे दर सीझनला मुडदे जास्त कुजत गेले. पहिल्यात ते नुकते गेलेले, अंगावरच्या कपड्यांवरून कोण कामावर निघाला होता, कोण घरी होता ते कळायचं. पुढे कातडी हाडाला चिकटली, ओठ गेले. त्यात मालिका १६ मिमी फिल्मवर चित्रित केलेली, पडद्यावर दाणा दिसायचा, त्यामुळे रबर रबरासारखं दिसत नसे.

माझं सुटलं ते याच कारणाने. मुडदा जितका कुजत गेला तितका तो कोण होता हे पुसत गेलं. ते साहजिकच आहे. पण मग ती जागा लेखकांनी भरायला हवी होती. पहिल्या सीझनमध्ये ते एक प्रेत फाडून त्याचं रक्तमांस अंगाला फासणार असतात, म्हणजे गर्दीतून निसटता येईल. फाडायच्या आधी रिक त्याचं पाकीट काढतो, नाव वाचतो, जन्मसाल वाचतो, खिशात एका मुलीचा फोटो सापडतो. हा एवढा वेळ घेतला होता त्यांनी! पुढे हेच रक्तमांस फासणं पाच मिनिटांत उरकू लागले, जसा आपण रेनकोट घालतो. आमच्या नाटकातसुद्धा खलनायक मेला तरी त्याची आई येऊन दोन ओळी म्हणते. प्रेक्षक पहाटेपर्यंत त्या दोन ओळींसाठी बसतो.

निळी छत्री

मी एरवी इथे फक्त वाचते. पण नागभीड दादांनी पाकिटाचं लिहिलं म्हणून लिहिते.

मी परिचारिका आहे. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. द वॉकिंग डेड मी नवव्या सीझनपर्यंत नेमाने पाहिली, नवऱ्याला आवडायची म्हणून सुरुवात केली आणि त्याच्यापेक्षा मीच जास्त गुंतले. एप्रिल २०२१ नंतर मला ती लावता आली नाही. लोकांना वाटतं दवाखान्याच्या दृश्यामुळे असेल. रिक ओसाड दवाखान्यात उठतो, साखळी घातलेल्या दाराआडून बोटं बाहेर येतात, ते दृश्य. तसं नव्हतं.

त्या दिवसांत आमच्या वॉर्डात रात्रपाळीला कोणी गेलं की आम्ही दोघी मिळून सगळं करायचो. नाक-कान कापसाने बंद करणं, हनुवटीखालून पट्टी बांधणं, हात सरळ करणं, चिठ्ठीवर नाव, वय, वेळ. पीपीई किटच्या आत घाम डोळ्यांत उतरायचा, पुसता येत नसे. एका आजींच्या हातात हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या. नातेवाईक आत येऊ शकत नव्हते. मुलगी फोनवर म्हणाली, बांगड्या फोडू नका, तशाच जाऊ द्या. पिशवी बंद करताना त्या वाजू नयेत म्हणून मी दोन्ही मनगटांवर गॉज गुंडाळलं. इतकं बारीक काम इतक्या घाईत मी आयुष्यात केलं नव्हतं. घाटावर रांगा होत्या, इकडे खाटेची वाट पाहत दुसरा रुग्ण होता, तरीही बाजूची सिस्टर मला घाई करा म्हणाली नाही. तिने नुसतं टॉर्च धरलं.

पुढे कधीतरी नवऱ्याने मालिका लावली. कुठला भाग ते आठवत नाही, लढाई झाली होती. माणसं मेली, बाकीचे पुढे चालू लागले. कोणी मोजलं नाही, कोणी पांघरलं नाही. मी उठून स्वयंपाकघरात गेले. मला ते खोटं वाटलं. जग बुडत असतानाच माणसं हे सोडत नाहीत, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आणि मालिकेला हे आधी माहीत होतं! पहिल्या सीझनचा पाचवा भाग बघा. छावणीवर हल्ला झाला, सकाळी प्रेतं आगीत टाकून राहिले आहेत. आपल्यातल्याच एकाला त्या ढिगावर न्यायला लागतात तेव्हा ग्लेन अडवतो. रडत अडवतो. आपली माणसं आपण जाळायची नाहीत, पुरायची, असं ओरडतो. आपल्याकडे अग्नी देतात, त्यांच्याकडे माती, पण सांगणं तेच. दुसऱ्या सीझनमध्ये शेतमालक हर्शेलच्या गोठ्यातून कॅरलची हरवलेली पोरगी सोफिया मुडदा होऊन बाहेर येते तेव्हाही तेच. सोफियाला आणि हर्शेलच्या घरच्यांना खड्डा खणून पुरतात, बाकीच्यांची चिता.

वाळा

निळी छत्री ताई, तुमची पोस्ट तीनदा वाचली.

ग्लेनच होता तो. मी हे विसरलो होतो. ज्या पोराने पहिल्या सीझनमध्ये, आपली माणसं आहेत, असं सगळ्यांना दरडावून सांगितलं, त्याच पोराच्या मरणाशी त्यांनी सहाव्या सीझनमध्ये लपाछपी खेळली. मला इतकी वर्षं त्या डब्याचा राग का आहे हे आज मला स्वतःला कळून राहिलं आहे. फसवलं म्हणून नाही. त्यांनी आमच्याकडून सुतक पाळून घेतलं आणि मग ते खरं नव्हतं म्हणाले. दुसऱ्यांदा तो खरंच गेला तेव्हा माझ्याकडे द्यायला काही उरलं नव्हतं.

रामदासपेठ

पोरांनो, मी ही मालिका पाहिली नाही. नातू पाहायचा, मी बाजूला पेपर वाचत बसायचो. पण तुमचं सगळं वाचून काढलं, म्हणून दोन शब्द.

माझं लहानपण इतवारीत गेलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते हे तुम्हाला सांगायला नको. काळी मारबत १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. माझ्या आजीच्या खांद्यावर बसून मी ती पहिल्यांदा पाहिली. ती पिवळी बाई इतकी उंच की वरच्या मजल्याच्या खिडकीतून तिच्या डोळ्याला डोळा लागायचा. मी भ्यालो, रडलो. आजी म्हणाली, "भेऊ नको बापू, ते आपलं दुखणं घेऊन चालली." आणि सगळा मोहल्ला ओरडायचा, ईडा पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत! संध्याकाळी तिला गावाबाहेर नेऊन जाळायचे. माणसं घरी येऊन आंघोळ करायची. मग जेवण.

पुढच्या वर्षी पुन्हा नवी मारबत करतात, नव्या कागदाची, नव्या बांबूची. पण ह्या वर्षीची ह्या वर्षीच जाळतात, उद्यावर टाकत नाहीत. तुमच्या त्या मालिकेने मारबत काढली मोठी झकास, आणि बारा वर्षं नुसती गावातून फिरवत ठेवली असं मला वाचून वाटलं. लोक किती वेळ दारात उभे राहतील?

जयताळा

काका, दंडवत. आता मी जे लिहितो ते थोडं माझ्याच विरुद्ध जातं. शेवटचा भाग पाहिला तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं. एकीकडे निरोप चालू आहे, आणि दुसरीकडे आधीच ठरलेलं आहे की डॅरिलची वेगळी मालिका येणार, मॅगी आणि नीगनची वेगळी, रिक आणि मिशोनची वेगळी. फिअर द वॉकिंग डेड ही जोडमालिका तर २०१५ पासून समांतर चालूच होती. त्यामुळे शेवटच्या लढाईत कोण वाचणार हे आपल्याला पडद्याबाहेरच कळलेलं. मॅगी नीगनसमोर बसून बोलते, ग्लेनच्या खुनाबद्दल तुला माफ करू शकत नाही म्हणते. तो प्रसंग मला फार आवडला, मनापासून आवडला. पण मनात हेही होतं की ही दोघं पुढे एकत्र न्यूयॉर्कला जाणार आहेत.

तरी मी रोझिटासाठी रडलो. ती आधी जखम लपवते आणि शेवटी पोरीजवळ झोपते. तिला वेळ दिला होता. निळी छत्री ताई, तेवढा प्रसंग तुम्ही बघा असं मी सुचवेन.

बर्डी

रामदासपेठ काकांच्या बोलण्यात या मालिकेचं मूळ दुखणं आलं, असं मला वाटतं. किर्कमनला पहिल्यापासून हेच करायचं होतं, की झोंबीपटाचा शेवट जिथे होतो तिथे थांबायचं नाही, पुढे काय होतं ते दाखवत राहायचं. जॉर्ज रोमेरोने १९६८ मध्ये हा प्रकार उभा केला तेव्हा एका रात्रीची, एका घराची गोष्ट होती. न संपणं हा या मालिकेत दोष म्हणून शिरला नाही, ती त्याच पायावर उभी होती. पण न संपणाऱ्या गोष्टीत लहान लहान शेवट जास्तच नीट करावे लागतात. पहिल्या सीझनचे कर्ते फ्रँक डॅराबाँट यांना ते कळत होतं असं मला वाटतं. त्यांना दुसरा सीझन चालू असतानाच, जुलै २०११ मध्ये, दूर केलं. पुढे पैशांचा वाद कोर्टात गेला आणि २०२१ मध्ये २० कोटी डॉलरवर मिटला. ते राहिले असते तर काय झालं असतं यावर मी बोलणार नाही. पण पहिल्या सहा भागांचा हात पुढे क्वचितच जाणवला, हे मी दोनदा पाहून सांगून राहिलो.

गांधीसागर

वाळा दादा, भाऊ कधी येतोय नागपूरला?

वाळा

पुढच्या आठवड्यात. पोरीला घेऊन, पंधरा दिवस.

वाळा

आठ दिवसांनी परत लिहितो आहे, कारण इथे सांगितल्याशिवाय राहवेना.

भाऊ आला. काल रात्री पोरगी झोपल्यावर त्याला निळी छत्री ताईंची पोस्ट वाचायला दिली. वाचली आणि म्हणाला, लाव पाचवा. गच्चीवरच्या खोलीत आता सामान आहे, म्हणून खाली बैठकीतच टीव्हीवर लावली. आवाज अगदी कमी. कूलर आता मोठा आहे, पण घरघर तीच.

मला त्या भागातला ग्लेन बघायचा होता आणि तो बघितला. जळत्या ढिगासमोर दोन हात पसरून उभा आहे, चेहरा रडून सुजलेला. किती लहान दिसतो. भाऊ काहीच बोलला नाही. कॅरल आपल्या मेलेल्या नवऱ्याच्या डोक्यात स्वतः कुदळ घालते, एकदा नाही, पुन्हा पुन्हा, तेही बघितलं. पण माझ्या लक्षात नव्हता तो अँड्रियाचा प्रसंग. तिची धाकटी बहीण एमी रात्री तिच्या कुशीत गेली आहे. ती रात्रभर तिच्या प्रेताजवळ बसून आहे, सकाळ झाली तरी उठत नाही. सगळे म्हणतात, ती परत उठायच्या आत काय ते करून टाका. अँड्रिया कुणाला जवळ येऊ देत नाही. तिने एमीच्या वाढदिवसासाठी एक साखळी आणून ठेवलेली, जलपरीची. ती तिच्या गळ्यात घालते.

तेवढ्यात आई पाणी प्यायला उठली. तिने ही मालिका कधी पाहिली नाही, आम्ही ते रक्त-मांसाचं काय पाहता म्हणून ओरडायची. दारात हातात तांब्या घेऊन उभी राहिली. पडद्यावर अँड्रिया बहिणीच्या केसांवरून हात फिरवत होती.

"ते काहून अशी बसली?"

भाऊ म्हणाला, "लहान बहीण गेली तिची."

"आणि हे बाकीचे?"

"घाई करून राहिले."

आईने तांब्या टीपॉयवर ठेवला आणि माझ्या बाजूला बसली. एमीची बोटं हलली, डोळे उघडले, ते पांढरे झालेले. अँड्रिया तिला सोडत नाही, जवळ घेते, माफी मागते. आईने पदर तोंडाशी नेला. मी आवाज दोन घरं वाढवला. भाग संपेपर्यंत ती उठली नाही.